नापास काट्याची फी

आमचे हे वजनकाटे तपासतात. दुरुस्त करतात, तपासतात आणि बरोबर निघाला तरच शिक्का मारतात. बाजारात त्यांना काटेवाले म्हणतात. घरात मी काय म्हणते ते त्या त्या दिवसावर अवलंबून असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, काट्याचं काम ते काय, ठेवलं वजन, बघितला आकडा. तसं नसतं. आधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघायचं. मग थोडं वजन, मग अर्धं, मग काट्यावर लिहिलेल्या क्षमतेइतकं पूर्ण. पूर्ण वजन ठेवलं की हात मांडीवर घेऊन अर्धा तास बसून राहायचं आणि आकडा सरकतो का ते बघायचं. त्या अर्ध्या तासात काट्याला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, आणि पंखा बंद, कारण वाऱ्यानं पारडं हलतं. शेवटी वजन उचलून आकडा शून्यावर परत येतो का ते बघायचं. नाही आला तर लाल पट्टी बांधायची, वहीत लिहायचं आणि फी घ्यायची. पास असो की नापास, फी साडेतीनशेच. पावती मी लिहिते, कारण ह्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही.

ह्यांच्या सख्ख्या मामांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या काट्यात किलोमागे आठ ग्रॅमची चूक निघाली. मामा म्हणाले, अरे आठ ग्रॅम म्हणजे काय, चिमूटभर साखर, मार शिक्का. ह्यांनी लाल पट्टी बांधली आणि वर साडेतीनशेची पावती दिली. मामा दोन वर्षं बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले तेही मामींनी दम दिला म्हणून. हे सगळं आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की बाईचा नवरा वेडा आहे. वेडा आहेच, पण त्या वेडाला एक पद्धत आहे.

एका रविवारी सकाळी ताई आल्या. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. शाळेच्या प्रयोगशाळेतलं सामान सांभाळायची नोकरी होती, ती संपून दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी त्यांचे यजमान गेले. बस दुरुस्तीच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर कारखान्याकडून आठ लाख मिळाले, आणि त्या आठ लाखांवर ताईंना उरलेलं आयुष्य काढायचंय. मूलबाळ नाही. बँकेचं व्याज घरभाड्यातच संपतं, म्हणून दर महिन्याला मुद्दलातले थोडे काढावे लागतात. ताई तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून म्हणाल्या की असंच चाललं तर अकरा वर्षं पुरतील, आणि आमच्या घराण्यात बायका नव्वदीपर्यंत जगतात.

मग पिशवीतून त्यांनी एक छापील कागद काढला. इंटरनेटवरून सोनं, परकीय चलन, तेल असलं काहीबाही घ्यायची-विकायची सोय करून देणाऱ्या एका दलाल कंपनीचा होता. कंपनीतला एक पोरगेला माणूस महिनाभर रोज ताईंना फोन करत होता. आधी तब्येतीची चौकशी, मग जेवलात का, मग खातं. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. त्यानंच हा कागद पाठवला होता. त्यावर चार खात्यांची तुलना होती: डेमो, स्टँडर्ड, झीरो आणि प्रीमियम. किमान रक्कम किती, दर सौद्याला खर्च किती, आपल्या पैशाच्या किती पट सौदा करता येईल, सगळं चौकटीत मांडलेलं. प्रीमियमची चौकट सोनेरी होती आणि गोडबोल्याचा जीव तिच्यातच अडकला होता.

ताईंनी कागद ह्यांच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "तू दुनियेचे काटे तपासतोस. यातला खरा कुठला ते मला सांग. तू शिक्का मारशील त्यात मी पैसे ठेवेन, नाही मारलास तर नाही ठेवणार."

मला तिथेच म्हणावंसं वाटलं की ताई, हा काही काटा नाही. पण ह्यांनी भिंग काढलंसुद्धा होतं. काट्याच्या पाटीवर सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात बारीक अक्षरात असतं, म्हणून हे कुठलाही कागद खालून वर वाचतात. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की या कंपनीच्या शंभरातले अठ्ठ्याहत्तर ग्राहक पैसे गमावतात. हे म्हणाले, शंभरात अठ्ठ्याहत्तर काटे नापास निघाले तर मी कारखाना बंद करायला सांगेन. ताई म्हणाल्या, पण त्या अठ्ठ्याहत्तरांनी अंदाधुंद केलं असेल, काट्याचा काय दोष? काट्यावर झेपेना इतकं लादणारे लोक ह्यांनी रोज पाहिलेत. म्हणाले, तीन आठवडे दे.

इथून आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलाची प्रयोगशाळा झाली. शेजारच्या खोलीत माझं शिवणयंत्र. मी पडदे शिवते. घरांचे, हॉटेलांचे, दवाखान्यांचे. दुसऱ्या मजल्यावर राहतो, जिना अरुंद, लिफ्ट नाही. गिऱ्हाईक वर चढायला कंटाळतं, आणि कापडाचे तागे वर आणताना माझ्या गुडघ्यांचं जे होतं ते मलाच ठाऊक. म्हणून चार वर्षं पैसे साठवले होते. कोपऱ्यावर रस्त्यालगत एक गाळा रिकामा होणार होता. त्याची अनामत दोन लाख, आणि ती महिनाअखेरच्या सोमवारी द्यायची ठरली होती. मालकिणीला तसा शब्द दिला होता. गाळ्याच्या काचेत कुठला पडदा लावायचा तेही मी ठरवून ठेवलं होतं, गडद हिरवा, जाड, खाली दुमडलेला.

ह्यांनी आधी डेमो खातं उघडलं. त्यात पैसे खोटे असतात, सौदे खोटे, नफाही खोटा. हे चार दिवसांत कागदावर एकवीस टक्के पुढे गेले आणि भलतेच नाराज झाले. म्हणाले, हा दुकानाच्या काचेत मांडलेला काटा आहे, याच्यावर धूळसुद्धा बसत नाही, याची तपासणी काय करायची? वहीत लिहिलं: डेमो, निरुपयोगी.

मग स्टँडर्डमध्ये खरे पाच हजार घातले. थोडं सोनं घेतलं, आणि घेतल्या क्षणी खातं उणे दाखवायला लागलं. ह्यांनी गोडबोल्याला फोन लावला की तुमचा काटा रिकामाच खाली बसलाय. तो हसत म्हणाला, सर, घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यात थोडं अंतर असतं, ते आमचं. ह्यांनी ते लिहून घेतलं. भाव जिथून सुरू झाला तिथे परत येईपर्यंत वाट पाहिली, सोनं विकलं आणि पैसे परत मागितले. पाचव्या दिवशी बँकेत चार हजार नऊशे अडतीस आले. बासष्ट गेले. झीरो खात्यात ते अंतर नव्हतं, पण घेताना कमिशन आणि विकताना पुन्हा कमिशन. तेवढ्याच सौद्याला अठ्ठावन्न गेले. सौदा रात्रभर उघडा ठेवला तर त्याचं भाडं वेगळं. हे म्हणाले, चारचा फरक आणि नाव काय तर झीरो. पण दोन्ही खात्यांचा हिशेब मात्र चोख निघाला होता, पैसे परत येत होते, आणि त्यामुळे माझीही भीती बरीचशी गेली. आता मागे वळून बघते तेव्हा स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा गेली होती हे खरं.

राहता राहिली ती पटीची गोष्ट. स्टँडर्डमध्ये आपल्या पैशाच्या तीस पट सौदा करता येत होता, प्रीमियममध्ये पाचशे पट. हजार ठेवा, पाच लाखांचं सोनं घ्या. मला हे कळेना, तेव्हा ह्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. पडदा शिवताना मी खाली चार बोटं माया सोडते. कापड धुऊन आटलं तर त्या दुमडलेल्या कापडातून भरून काढता येतं. हे म्हणाले, आपले पैसे म्हणजे ती माया. भाव उलटा गेला की आधी तीच खाल्ली जाते. तीस पटीला चार बोटं मिळते, पाचशे पटीला दोऱ्याएवढी. आणि माया संपत आली की कंपनी आपल्याला न विचारता सौदा बंद करते. म्हणजे बघा, ह्यांना सगळं समजलं होतं. न समजता झालं असतं तर मी ह्यांना माफ तरी केलं असतं.

अडचण पुढेच होती. चौथा हिस्सा वजन ठेवून कुठल्याही काट्याला शिक्का मारता येत नाही, पूर्ण क्षमतेला तपासावंच लागतं. पाच हजारांनी काय कळणार? ताईंचे आठ लाख, तीस पटीनं म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. ही ताईंच्या काट्याची पूर्ण क्षमता. एवढा सौदा उचलायला आमच्याकडे आठ लाख कुठले? पण प्रीमियम खात्यात पाचशे पट मिळत होती. तिथे दोन लाखांत ते वजन पारड्यावर ठेवता येत होतं. शिवाय त्याच निमित्तानं ते सोनेरी खातंही तपासलं गेलं असतं.

बुधवारी मी दवाखान्याच्या पडद्यांचं माप घेत होते. बेचाळीस पडदे, दोन पलंगांच्या मध्ये लावायचे, शनिवारी द्यायचे. तोंडात टाचण्या. हे दारात येऊन म्हणाले, गाळ्याचे पैसे दोन दिवस वापरतो, तपासणीचं वजन म्हणून. ठेवायचे आणि उचलायचे, सोमवारच्या आत पेटीत परत. तपासणीत वजन काही झिजत नाही. मी टाचण्यांमधूनच हो म्हटलं. म्हटलं, हे कबूल करते. टाचण्या काढून विचार केला असता तर काय म्हटलं असतं, ते सांगण्यात आता अर्थ नाही.

शुक्रवारी दुपारी बरोबर बारा वाजता ह्यांनी पंखा बंद केला.

संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांना पंख्याचा वारा लागत नाही, हे त्यांनाही कळत असणार. पण बत्तीस वर्षांची सवय. घड्याळ लावलं, हात मांडीवर घेतले, बसले. मी घाम पुसत कड्या ओवत होते आणि मनातल्या मनात ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तोटा ठरावीक पातळीला गेला की सौदा आपोआप बंद व्हावा अशी एक सोय त्या खात्यात होती. गोडबोल्यानं ती सांगितलीही होती. ह्यांनी ती लावली नाही, कारण तपासणीच्या वेळी पारड्याखाली ठोकळा लावत नाहीत. आणि अर्धा तास हात लावायचा नाही म्हणजे नाही. आमच्या घरात त्या दिवशी बारापासून दोन कोटी चाळीस लाखांचं सोनं होतं, आणि मी एकेका पडद्याला अठरा कड्या मोजत होते.

मधे एकदा मान वर करून बघितलं. ह्यांचा चेहरा नेहमीसारखाच, तपासणीला बसल्यावर असतो तसा. कपाळावर घाम होता, पण घाम मलाही होता. काही विचारायची सोय नव्हती. तपासणी चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही.

मग पंखा सुरू झाला. मला बरंच वाटलं. विचारलं, "झाला अर्धा तास?"

"नाही," हे म्हणाले. "एकोणीस मिनिटं. वजन पडलं."

झालं होतं असं. कुठल्याशा मोठ्या देशातले नोकऱ्यांचे आकडे नेमके त्याच वेळी जाहीर झाले. असे आकडे दर महिन्याला लागतात, त्याची वेळ आधीपासून ठरलेली असते, आणि या धंद्यातली पोरंटोरंसुद्धा त्या वेळी हात आखडून बसतात. ह्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांनी विचारलं नव्हतं, कारण काटा तपासताना रस्त्यावर कोण काय ओरडतंय यानं फरक पडत नाही. सोनं शंभराला पाऊण उतरलं. शंभराला पाऊण म्हणजे किती थोडं! आमच्या मामांच्या काट्यातली चूकसुद्धा त्याहून जास्त होती. पण दोन कोटी चाळीस लाखांवर पाऊण टक्का म्हणजे एक लाख ऐंशी हजार. माया संपली आणि कंपनीनं सौदा बंद केला. दोन लाखांतले एकोणीस हजार सहाशे चाळीस उरले. आकडा उतरताना ह्यांना दिसत होता. बंद करायचं बटण बोटाखाली होतं. हा माणूस हात मांडीवर ठेवून बसून राहिला, कारण तीस मिनिटं झाली नव्हती.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून जिन्यात उभे राहिले एवढं सांगते. चार वर्षं मी नवीन चप्पल घेतली नाही तेही काढलं, लेकीच्या लग्नातलंही काढलं, मामांची बाजू घेतली, जी मी आयुष्यात कधी घेतली नव्हती. म्हटलं, वजन पारड्यात बसल्या बसल्या बदलतं का हो कधी? हे म्हणाले, नाही बदलत, भाव बदलतो, तिथेच चुकलं माझं. बचाव नाही, उलट उत्तर नाही. भांडायला समोर भिंत असेल तर माणसानं करावं काय? शेवटी माझाच घसा बसला.

त्यानंतर ह्यांनी वही उघडून सगळं वेळेसह लिहिलं. पाऊण वाजता बघितलं तर सोनं पुन्हा बाराच्या भावाला आलेलं. तेही लिहिलं. म्हणाले, तीस पटीच्या खात्यात ताईचे हे एक लाख ऐंशी हजार नुसते कागदावर गेले असते आणि परत आले असते, माया मोठी होती म्हणून. मी म्हटलं, मला आता माया शिकवू नका.

संध्याकाळी गोडबोल्याचा फोन आला. हे हात धूत होते, म्हणून मीच फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. त्याला आधी फार वाईट वाटलं. मग म्हणाला, काका, असं होतं, पण भरून काढता येतं. ताईंचे आठ लाख रविवार संध्याकाळपर्यंत प्रीमियम खात्यात आले, तर ओळख करून दिल्याबद्दल तुम्हाला दीड लाख मिळतील. खात्यात नाही, सरळ तुमच्या बँकेत, सोमवारी सकाळी. ताई फक्त तुमच्या शब्दासाठी थांबल्यात.

फोन बंद झाला. नळ चालूच होता, तो ह्यांनी बंद केला.

माझ्या डोक्यात मात्र बेरीज सुरू झाली होती. दीड लाख, अधिक उरलेले साडेएकोणीस, वर तीस हजार कुणाकडून तरी. दवाखान्याचे पैसे शनिवारी येणार. जमत होतं. अगदी काठोकाठ, पण जमत होतं. मी म्हटलं, "ताईंना खातं नुसतं उघडायला सांगा. पैसे ठेवायचे आणि हात लावायचा नाही. सौदाच केला नाही तर काय बिघडतंय?"

हे टॉवेलनं एकेक बोट पुसत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "म्हणजे शिक्का मारू?"

आवाज चढलेला नव्हता. मामांना, सोनारांना, गोदामवाल्यांना ते जसं विचारत असतील तसंच विचारलं. मी आत जाऊन उरलेल्या पडद्यांच्या कड्या ओवायला बसले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की सुई दोनदा बोटात गेली. एक लाख ऐंशी हजार गेल्याचं दुःख होतंच, पण त्याला निदान मी जबाबदार नव्हते. आता जे तोंडातून गेलं होतं ते माझं होतं. आठ लाख संपल्यावर ताई कुठे गेल्या असत्या? आमच्याकडेच, याच जिन्यानं वर.

रविवारी सकाळी दहाला ताई आल्या. प्रीमियमचा अर्ज भरून आणला होता, फक्त सही बाकी. गोडबोल्यानं सकाळीच फोन करून आज शेवटचा दिवस आहे असं बजावलं होतं. त्यांनी चष्मा लावला, पेन काढलं आणि ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी उठून पंखा बंद केला. मग तीन आठवड्यांपूर्वीचा तो छापील कागद काढला. त्याच्या कोपऱ्यात भोक पाडून, दोऱ्यानं, नापास काट्याला बांधतात ती लाल पट्टी बांधली होती. सोबत वही उघडून दिली.

ताई शिकलेल्या, प्रयोगशाळेत काम केलेल्या. आकडे वाचता येतात त्यांना. डेमोपासून सावकाश वाचत आल्या. बासष्ट, अठ्ठावन्न, सगळं बोट ठेवून. शुक्रवारच्या पानावर थांबल्या. तिथे लिहिलं होतं: प्रीमियम, पूर्ण क्षमता, एकोणिसाव्या मिनिटाला वजन पडलं, दोन लाखांतले एकोणीस हजार सहाशे चाळीस शिल्लक. खाली एक ओळ होती: तपासणाऱ्याची चूक, भाव हे वजन नव्हे. आणि सगळ्यात शेवटी: रविवारी ताईनं पैसे भरल्यास मला दीड लाख मिळतील असा निरोप आला आहे. तेसुद्धा लिहून ठेवलं होतं या माणसानं. मी काय बोलले ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

ताईंनी वही मिटली. "हे दोन लाख कुणाचे?"

"हिचे," हे म्हणाले.

ताईंना गाळ्याचं माहीत होतं. काचेतला हिरवा पडदाही मी त्यांनाच सांगितला होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले, ते एकावर एक नीट ठेवले आणि म्हणाल्या, "माझे आठ लाख वाचले. त्यातले दोन उद्या तुला देते. नाही म्हणू नकोस."

पैसे माझे गेले होते, उत्तर मी द्यायचं होतं. खरं सांगते, हो म्हणावंसं वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी वाटलं होतं तितक्याच जोरानं वाटलं. पण ताईंची अकरा वर्षं डोळ्यांसमोर आली. दोन लाख काढले की ती आठ होणार, आणि त्यांच्या घराण्यात बायका नव्वदीपर्यंत जगतात.

मी कपाटातून पावतीपुस्तक काढलं. म्हटलं, "ताई, तपासणीची फी साडेतीनशे असते. पास असो की नापास."

ताईंनी पर्स उघडली. शंभराच्या तीन, पन्नासाची एक. मी पावती लिहिली. काट्याचा प्रकार या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून तो मोकळा सोडला. शेऱ्याच्या रकान्यात नापास लिहिलं. ह्यांनी खाली सही केली. ताईंनी पावती घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, जिथे त्या यजमानांचा फोटो ठेवतात. मग त्या उठल्या, स्वतः जाऊन पंखा लावला, आणि आम्ही चहा घेतला.

सोमवारी सकाळी मी गाळ्याच्या मालकिणीला फोन केला आणि जमत नाही म्हणून सांगितलं. बाई चांगल्या आहेत. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, आमच्या ह्यांना एक काटा तपासायचा होता, त्यात अडकले पैसे. त्या म्हणाल्या, अगंबाई, काटा तपासायला दोन लाख पडतात?

"छे हो," मी म्हटलं, "साडेतीनशे मिळतात."

फोन ठेवल्यावर त्या चार नोटा गाळ्याच्या पैशांच्या पेटीत टाकल्या. हे तेव्हा पुढच्या पडद्यांच्या कापडाचा तागा खांद्यावर घेऊन जिना चढत होते. मधल्या वळणावर दम खायला थांबले ते मला वरून ऐकू आलं. मी खाली गेले आणि दुसरं टोक धरलं.